कुंभातली नोकरी, तीन महिन्यांचा कोर्स आणि अर्धवट बीए

प्रश्न: मी नाशिक-त्र्यंबक मार्गावर काळी-पिवळी चालवतो. मुलगी वीस वर्षांची, नाशिकच्या कॉलेजात एसवायबीएला आहे. बारावीला ६१ टक्के होते. तिच्या मैत्रिणीने व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात पाठवली: ‘शासनमान्य मोफत हॉटेल व पर्यटन प्रशिक्षण, हाउसकीपिंग, तीन महिने, कुंभमेळ्यात १०० टक्के नोकरी, नोंदणी व किट फक्त २,५०० रुपये.’ मुलगी म्हणते, बीए करून तरी काय दिवे लावणार, कॉलेज सोडून हेच करते. तिची आई म्हणते, लोकांच्या खोल्या झाडायला शिकवलं का हिला? माझा मेहुणा बरीच वर्षं एका भक्तनिवासात आचारी आहे, तोही म्हणतो या लाइनीत काही नाही. मला स्वतःला धंदा वाईट वाटत नाही, मी रोज प्रवाशांतच असतो. सुट्टीला मुलगी गाडीत पुढे बसली की गुजरात-दिल्लीच्या लोकांना दर्शनरांग, कुशावर्त, ब्रह्मगिरी सगळं हिंदीत समजावून सांगते. तिला हे जमेल असं वाटतं. पण हे सरकारी आहे की फसवणूक? आणि खरं असेल तर कॉलेज सोडू द्यावं का?
(एक वडील, त्र्यंबकेश्वर तालुका)

उत्तर:

नमस्कार दादा,

आधी अडीच हजारांचं बोलू. देऊ नका. ‘मोफत’ आणि ‘फक्त २,५००’ एकाच जाहिरातीत दिसले की पुढचं वाचायची घाई करू नये. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना असो की ग्रामीण मुलांसाठीची दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना, उमेदवाराकडून प्रशिक्षणाची फी घेत नाहीत; केंद्राला पैसे सरकार देतं. दरवेळी केंद्रच बोगस असतं असंही नाही. पुष्कळदा केंद्र खरं असतं, पण बॅच भरून द्यायला एखादा मधला माणूस धरलेला असतो आणि तो आपले हात ओले करून घेतो. तुमच्या खिशाला कात्री दोन्हीकडून सारखीच. आणि ‘१०० टक्के नोकरी’ हे कुठल्याच सरकारी योजनेत नाही. ग्रामीण कौशल्य योजनेत संस्थेने किमान ७० टक्के मुलांना कामाला लावावं अशी अट असते, पण ती संस्थेवर असते. मुलीला दिलेली हमी म्हणून त्या अटीकडे बघू नका.

‘शासनमान्य’ या शब्दावर तर जाऊच नका. नाशिकमध्ये त्या शब्दाचे बोर्ड गल्लोगल्ली आहेत. सरळ तीन गोष्टी विचारा. योजना कोणती, कोर्सचं नेमकं नाव काय, आणि परीक्षा घेऊन सर्टिफिकेट कोण देणार? पर्यटन आणि हॉटेलच्या कामांसाठी केंद्र सरकारच्या कौशल्य व्यवस्थेत ‘टूरिझम अँड हॉस्पिटॅलिटी स्किल कौन्सिल’ ही संस्था आहे. कोर्सचं नाव कामाच्या नावाने असतं: हाउसकीपिंग अटेंडंट, फ्रंट ऑफिस असोसिएट, फूड अँड बेव्हरेज सर्व्हिस असोसिएट, असं. त्याला ठरलेले तास असतात, लेव्हल असते. समोरचा जर ‘अहो, सगळंच शिकवतो आम्ही’ म्हणाला तर उठून या. केंद्र आणि बॅच ‘स्किल इंडिया डिजिटल हब’वर मोबाइलवरून शोधता येतात. एवढ्यावर समाधान झालं नाही तर नाशिकच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात स्वतः जाऊन विचारा. पूर्वी आपण ज्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणायचो तेच हे. ही चौकशी मी उगाच करायला सांगत नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या नोंदींवर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगनेही ताशेरे ओढले आहेत. योजना सरकारी आहे एवढ्यावरून केंद्र चांगलं ठरत नाही.

योजनांची नावं पुष्कळ आहेत. पर्यटन मंत्रालयाची ‘हुनर से रोजगार तक’ २००९-१० पासूनची. आठवी पास मुलांनाही स्वयंपाक, सर्व्हिस, हाउसकीपिंग शिकवण्यासाठी ती काढली होती. राज्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं सुरू केली, राज्यभरात ५११. आयटीआयमध्ये फ्रंट ऑफिस, फूड प्रॉडक्शन, बेकरी असे एक वर्षाचे ट्रेड असतात, फी किरकोळ. त्यातला कुठला ट्रेड तुमच्या जवळच्या आयटीआयत आहे ते दरवर्षीच्या प्रवेशाच्या वेळी पोर्टलवर कळतं. कोणती योजना, यात मी फार वेळ घालवणार नाही. माझ्या लेखी एकच गोष्ट बघायची: तीन महिन्यांतले किती दिवस मुलगी प्रत्यक्ष हॉटेलात काम करणार आणि ते हॉटेल कोणतं? याला ‘ऑन द जॉब ट्रेनिंग’ म्हणतात. अशा कोर्सचा जीव तिथे असतो. सर्टिफिकेट घेऊन मुलाखतीला गेलं की मॅनेजर कागदाकडे ओझरतं बघतो आणि विचारतो, ‘कुठे केलंस ट्रेनिंग?’ उत्तरात चालत्या हॉटेलचं नाव आलं तर पुढचा प्रश्न ‘कधीपासून येतेस?’ असा असतो. केंद्राच्या खोलीतल्या एका डमी पलंगावर तीस मुलींनी आळीपाळीने चादर घातलेली असेल, तर ते त्याला दोन मिनिटांत कळतं.

म्हणून केंद्रात गेलात की भिंतीवरचे फोटो बघत बसू नका. मागच्या बॅचच्या चार मुलींचे नंबर मागा आणि त्यांच्याशी बोला. आज त्या कुठे आहेत, सहा महिने टिकल्या का, पगार बँकेत येतो की हातात? केंद्राने नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालंच.

आता वहिनींचा मुद्दा. ‘लोकांच्या खोल्या झाडायला’ हे त्या काळजीपोटी म्हणाल्या आणि त्यात काहीच खरं नाही असं मी म्हणणार नाही. काम कष्टाचं आहे. आठ तास पायांवर, कमरेत वाकून. मोठ्या हॉटेलात एका शिफ्टला बारा ते पंधरा खोल्या वाट्याला येतात, म्हणजे एका खोलीला जेमतेम अर्धा तास. पण ती झाडलोट नव्हे. दारावर टकटक, ‘हाउसकीपिंग’ अशी हाक, थांबणं, पुन्हा टकटक, मगच दार. आधी पडदे उघडून सगळे दिवे लावून बघायचे, कुठला बल्ब गेला असेल तर लगेच मेंटेनन्सला कळवायचं. जुनी चादर, उशांचे अभ्रे, टॉवेल काढताना एकेक झटकून घ्यायचा, कारण पाहुण्यांच्या अंगठ्या आणि चष्मे तिथेच सापडतात. सापडलेली वस्तू खोली नंबर, तारीख, वेळ टाकून ‘लॉस्ट अँड फाउंड’च्या रजिस्टरला. कमोडचं फडकं वेगळं, बेसिनचं वेगळं, ग्लासचं वेगळं, रंगाने ओळखायची. मग पलंग: खालची चादर चारी बाजूंनी ताणून, पायाकडचा कोपरा ४५ अंशात मोडून गादीखाली असा दाबायचा की झोपणाऱ्याने रात्रभर कूस बदलली तरी निघू नये. धूळ पुसायची ती दारापासून सुरू करून एकाच दिशेने, म्हणजे काही सुटत नाही. शेवटी दारात उभं राहून खोली एकदा पाहुण्याच्या नजरेने बघायची. हे ज्या मुलीला जमतं ती तीन-चार वर्षांत सुपरवायझर होते, आणि मोठ्या हॉटेलात एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर हे सगळ्या विभागाच्या प्रमुखाचं पद असतं. वहिनींना एकदा एखाद्या चांगल्या हॉटेलच्या हाउसकीपिंग विभागातल्या बाईंशी बोलू द्या. माझ्या सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

तरीही तुमच्या मुलीसाठी मी हाउसकीपिंग पहिल्या नंबरवर ठेवणार नाही. याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. जी मुलगी गाडीत पुढे बसून अनोळखी माणसांना न विचारता कुशावर्त समजावून सांगते, तिची जागा फ्रंट ऑफिसला, म्हणजे रिसेप्शनला आहे. रिसेप्शनवर दिवसभर हेच असतं: आलेल्याचं ओळखपत्र नोंदवून घेणं, परदेशी पाहुणा असेल तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवणं, बिलं, बुकिंगच्या अ‍ॅपवरचे दर, चिडलेल्या माणसाला शांत करणं. आणि ‘उद्या पहाटे दर्शनाला किती वाजता निघावं?’ याचं उत्तर. ते तिला आत्ताच येतं. मुंबईहून बदलून आलेल्या ट्रेनीला येत नाही. तिला कमी पडेल ते इंग्रजी आणि कॉम्प्युटर. इंग्रजी म्हणजे कादंबरी वाचण्याइतकं नव्हे. फोनवर बुकिंग घेता आलं आणि दोन ओळींचा ईमेल नीट लिहिता आला की सुरुवातीला पुरे. त्यासाठी सहा महिने रोज तासभर द्यावा लागेल. कोर्समध्ये ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ नावाचा भाग असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

कुंभाचं काय? नाशिकमध्ये सध्या प्रत्येक जाहिरातीला कुंभ जोडलेला असतो. फ्लॅटला, कर्जाला आणि आता कोर्सलाही. जाहीर झालेल्या कार्यक्रमाप्रमाणे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, अमृतस्नानं २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि ११ सप्टेंबर २०२७ ला, त्र्यंबकला शेवटचं १२ सप्टेंबरला. म्हणजे खरी झुंबड दीड महिन्याची. त्या काळात माणसं घेतली जातील, भरपूर घेतली जातील, पण बहुतेक ठेकेदारामार्फत आणि तेवढ्यापुरती. तुम्ही गाडी चालवता, २०१५ च्या पर्वणीला रस्ते कसे बंद होते आणि पहिल्या पर्वणीला बंदोबस्ताच्या धास्तीने अपेक्षेइतकी माणसं आलीच नाहीत अशी ओरड कशी झाली, हे तुम्हाला मी सांगायला नको. पर्वणीच्या भरवशावर तीन वर्षांची पदवी सोडणं शहाणपणाचं नाही. कुंभात काम जरूर करू दे. एवढ्या गर्दीत रिसेप्शन सांभाळलं हे तिच्या बायोडेटामध्ये कायमचं राहील.

नाशिकचा खरा धंदा कुंभाच्या अलीकडे-पलीकडे, बारा महिने चालतो. श्रावणातली तिसऱ्या सोमवारची फेरी, पौषातली निवृत्तिनाथांची वारी, वणीच्या गडावर चैत्र आणि नवरात्र. पावसाळ्यात इगतपुरीच्या रिसॉर्टना शनिवार-रविवारी खोली मिळत नाही. जानेवारी ते मार्च द्राक्षकाढणी, तेव्हा गंगापूर-दिंडोरीकडच्या वायनरींत मुंबई-पुण्याची गर्दी. गंगापूर धरणाला एमटीडीसीचं रिसॉर्ट आणि बोट क्लब. नांदूरमधमेश्वर तर २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालं, हिवाळ्यात तिथे पक्षी बघायला माणसं येतात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून मुंबई आणखी जवळ आली. या सगळ्या ठिकाणी कायम माणसं लागतात, आणि मालकांची एकच तक्रार असते: पोरं दोन महिने टिकतात आणि जातात. टिकणाऱ्या मुलीला इथे वाव आहे.

पैशांबद्दल. नवख्या मुलीला नाशिकमध्ये सुरुवातीला साधारण १२ ते १६ हजार. त्यात ड्युटीवरचं जेवण आणि युनिफॉर्म बहुधा हॉटेलचा. यावर कोणी २५ हजार सांगितले तर ‘पीएफ कापून हातात किती?’ एवढंच विचारा. पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा, लागू होतो का, तेही विचारून घ्या. आजारपणात घरादाराला त्याचा आधार होतो. पहिली दोन वर्षं पगार कमी वाटेल, तुमच्या गाडीच्या कमाईशी त्याची तुलना करू नका.

रात्रीच्या ड्युटीबद्दल तुम्ही लिहिलं नाही, पण मनात असणारच. रिसेप्शनची दुसरी शिफ्ट बऱ्याच ठिकाणी दुपारी तीन ते रात्री अकरा असते आणि अकराला त्र्यंबककडे यायला काय मिळतं ते तुम्हीच जास्त जाणता. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलंच तर तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोहोचवण्याची सोय मालकाने करायची असते. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. मुलाखतीत हे विचारायला मुलीने लाजू नये. चांगली हॉटेलं सरळ उत्तर देतात. ‘अहो, आमच्याकडे घरच्यासारखं वातावरण आहे’ एवढंच ऐकू आलं तर दुसरं हॉटेल बघावं.

आता कॉलेजचं. हे तिला वाचून दाखवू नका, फोन तिच्याच हातात द्या.

बाळा, बीए करून काय दिवे लावणार हा तुझा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. नुसत्या बीएवर नोकरी मिळणं अवघड आहे, हे खरंच. पण हॉटेलात पाच वर्षांनी असिस्टंट मॅनेजरची जागा निघते तेव्हा अर्जात ‘पदवीधर’ असा रकाना असतो, आणि तिथे थांबलेल्या, कामात हुशार मुली मी पाहिल्या आहेत. दुसरं वर्ष पूर्ण कर. नव्या शैक्षणिक धोरणात दोन वर्षांनंतर, काही जादा क्रेडिट पूर्ण करून, डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची सोय आहे. आज मध्येच सोडलंस तर तेही हातचं जाईल. कोर्सचा वर्ग रोज पूर्णवेळ असतो, हजेरी आधारवर लागते, म्हणजे कॉलेज आणि कोर्स एकाच वेळी होणार नाही. कोणी ‘चालवून घेऊ’ म्हणालं तर समज की हजेरी खोटी लागणार आहे. चौथ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर दे आणि उन्हाळ्यात सुरू होणाऱ्या बॅचला फ्रंट ऑफिससाठी नाव घाल. तोपर्यंत इंग्रजी आणि एक्सेल. कोर्सनंतर नोकरी लागली तर तिसरं वर्ष मुक्त विद्यापीठातून करता येईल का आणि तुझे क्रेडिट पुढे धरतात का, हे कॉलेजच्या ऑफिसात आत्ताच विचार. नोकरीऐवजी एखाद्या मोठ्या हॉटेलात वर्षभराची अ‍ॅप्रेंटिसशिप मिळाली तर पगार कमी असला तरी ती घे.

दादा, बारावीनंतरच्या तीन वर्षांच्या हॉटेल मॅनेजमेंट पदवीचंही कोणी तुमच्या डोक्यात घालेल. मुंबईत दादरला केंद्र सरकारची १९५४ पासूनची संस्था आहे, राज्य सरकारच्या पुण्यात आणि सोलापूरला आहेत. केंद्राच्या संस्थांसाठी एनसीएचएम जेईई ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, आणि बारावीला इंग्रजी विषय लागतो. शिक्षण उत्तम आहे. पण दोन वर्षं मागे जाऊन, लाखांत फी भरून ते आत्ता करावं असं मला वाटत नाही. खासगी संस्थांचे ‘परदेशात प्लेसमेंट’वाले डिप्लोमे तर नकोच.

राहिले तुमचे मेहुणे. ते म्हणतात या लाइनीत काही नाही, आणि त्यांच्या जागेवरून ते बरोबरही असेल. इतकी वर्षं आचारी आणि हातात कागद एकही नाही. कौशल्य योजनेतच आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देण्याची सोय आहे, तिला आरपीएल म्हणतात. त्यात नव्याने तीन महिने वर्गात बसावं लागत नाही. अन्न सुरक्षेचं फॉस्टॅक हे छोटं प्रशिक्षणही त्यांनी घ्यावं, कारण दर पंचवीस कामगारांमागे असा एक प्रशिक्षित माणूस ठेवावा असं एफएसएसएआय ही केंद्राची अन्न सुरक्षा संस्था सांगते. मुलीबरोबर तुम्ही जिल्हा कार्यालयात जाल तेव्हा त्यांनाही गाडीत घ्या. सगळ्यांची आधार कार्डं, मुलीचं बारावीचं गुणपत्रक, बँकेचं पासबुक आणि दोन-दोन फोटो बरोबर ठेवा, आणि खिडकीपाशी गेल्यावर मुलीलाच बोलू द्या.